थिन क्लायंटचं लायसन्स ‘रिन्यू’ होत नाही तेव्हा : आमच्या संगणक कक्षातला एक हिशेब



सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. प्रथम सत्र परीक्षा तोंडावर आलेली आणि नववीची प्रात्यक्षिकं बाकी. सकाळच्या अधिवेशनात मुलं संगणक कक्षात बसली आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “बाई, हे आत जातच नाहीये.” जाऊन पाहिलं, तर पडद्यावर इंग्रजी चौकट. अर्थ असा, की या कॉम्प्युटरसाठी रिमोट डेस्कटॉपचं क्लायंट ॲक्सेस लायसन्स उपलब्ध नाही, म्हणून जोडणी तोडली आहे. दुसऱ्या दिवशी शेजारचं मशीन गेलं, त्यानंतर दोन दिवसांनी तिसरं.

आमची शाळा कांजूरमार्गची, मराठी माध्यमाची, दोन अधिवेशनांत भरणारी. कक्षात २४ थिन क्लायंट आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते : थिन क्लायंट म्हणजे डब्याएवढं छोटं मशीन. त्याला पडदा, कीबोर्ड, माउस जोडायचा, पण खरं काम त्यावर होत नाही. काम होतं कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर. डबी फक्त तिथलं चित्र मुलाच्या पडद्यावर आणते. वीज कमी लागते, बिघडलं तर डबी बदलायची, आणि सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी टाकलं की सगळ्यांना मिळतं. शाळेसाठी सोय चांगली आहे. फक्त विंडोज सर्व्हर असेल तर त्याच्यासोबत लायसन्सचं एक खातं येतं, आणि ते खातं समजून घेतलं नाही की पैसे जातात.

आमचे जाणारच होते. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने फोनवरच सांगितलं, “लायसन्स संपलीत. रिन्यू होत नाहीयेत. दहा नवीन घ्या.” कोटेशनही आलं. मुख्याध्यापिका बाईंनी तो विषय पालक-शिक्षक सभेत ठेवायचं ठरवलं, कारण पैसे त्याच निधीतून जाणार होते. सभेला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुमच्याही शाळेत असा कक्ष असेल तर उपयोगी पडेल, आणि पालक असाल तर सभेत काय विचारायचं ते कळेल.

‘रिन्यू’ या शब्दाने केलेला घोटाळा

आधी एक गैरसमज बाजूला करू. अँटिव्हायरस दरवर्षी रिन्यू होतो, एएमसी रिन्यू होतं, म्हणजे पैसे भरायचे. त्यामुळे ‘लायसन्स रिन्यू होत नाही’ ऐकलं की समितीला वाटतं, मुदत संपली, पैसे द्या. इथे तसं नसतं. शाळेने एकदा विकत घेतलेली नेहमीची लायसन्सं शाळेचीच राहतात. (काही संस्था वार्षिक करारावर घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. तुमची कोणती आहेत ते बिलावरून पाहून घ्या.) इथलं नूतनीकरण सर्व्हर आणि डबी आपसात करतात आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

शाळेच्या वाचनालयासारखं समजा. शाळेकडे २५ वाचककार्डं आहेत. कार्ड शाळेच्या मालकीचं, पण त्यावर एका मुलाचं नाव लिहून ते काही दिवसांसाठी त्याच्याकडे दिलेलं. मुदत जवळ आली की मुलाने यायचं आणि ग्रंथपालांनी पुढची तारीख टाकायची. तो आलाच नाही तर मुदतीनंतर कार्ड पेटीत परत. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ग्रंथपालाचं काम करणाऱ्या सेवेला ‘लायसन्स सर्व्हर’ म्हणतात. लहान शाळेत ती बहुधा त्याच सर्व्हरवर चालते. कार्डाचं नाव ‘आरडीएस कॅल’.

कॅल दोन प्रकारचं असतं : माणसागणिक आणि मशीनगणिक, म्हणजे ‘पर युजर’ आणि ‘पर डिव्हाइस’. एका मशीनवर दिवसभरात पाच-सहा मुलं बसतात, म्हणून शाळेला मशीनगणिक परवडतं. शिवाय माणसागणिक कॅलची नोंद ठेवायला डोमेन लागतं आणि बहुतेक शाळांत डोमेन नसतं, साधा वर्कग्रुप असतो. बिल तपासताना आणखी एक पाहा. विंडोज सर्व्हरचं साधं कॅल वेगळं आणि रिमोट डेस्कटॉपचं वेगळं. नियमाने दोन्ही लागतात.

आता मशीनगणिक कॅल नेमकं कसं फिरतं ते नीट बघा, कारण आमचा सगळा घोळ इथेच होता.

डबी पहिल्यांदा सर्व्हरला जोडली की तिला पक्कं कार्ड मिळत नाही. तात्पुरतं मिळतं, ९० दिवसांचं. तात्पुरत्या कार्डांना संख्येची मर्यादा नाही. त्याच डबीवरून पुन्हा कोणी लॉगिन केलं की सर्व्हर पेटीत पाहतो, आणि पक्कं कार्ड शिल्लक असेल तर तात्पुरत्याच्या जागी ते देतो. पक्क्या कार्डाचीही मुदत असते, ५२ ते ८९ दिवसांमधली कुठलीतरी. प्रत्येक डबीला वेगळी, सर्व्हर ती आपल्या मनाने ठरवतो. मुदतीचे शेवटचे सात दिवस सुरू झाले की प्रत्येक जोडणीच्या वेळी मुदत वाढवायचा प्रयत्न होतो. हेच ते नूतनीकरण. आणि कार्ड राहतं कुठे? एक नोंद सर्व्हरकडे, एक प्रत डबीच्या पोटात. डबीची विंडोज असेल तर रजिस्ट्रीत ‘एमएस-लायसन्सिंग’ नावाच्या कप्प्यात. त्याच कप्प्यात डबीची ओळखही असते, म्हणजे एक क्रमांक. सर्व्हर डबीला तिच्या रंगरूपावरून ओळखत नाही, या क्रमांकावरून ओळखतो.

यादी उघडली तेव्हा

सर्व्हरवर दोन साधनं असतात, ती आधी उघडायची. पहिलं ‘आरडी लायसन्सिंग डायग्नोजर’. पर डिव्हाइस की पर युजर हे ठरवलं आहे का, लायसन्स सर्व्हरचं नाव दिलं आहे का, तो सापडतो का, आणि त्याच्याकडे त्याच प्रकारची कॅल आहेत का, एवढं ते सांगतं. बिल पर डिव्हाइसचं आणि सर्व्हरवर निवडलेलं पर युजर, अशी गंमत अनेक ठिकाणी इथेच सापडते. आवृत्तीही पाहा. सर्व्हर २०१९ चा आणि कॅल २०१६ ची असतील तर ती चालत नाहीत. उलट चालतं.

इथे आणखी एक भेद सांगते. सगळीच मशीनं एकाच सकाळी बंद पडली, तर रोग निराळा असतो. सर्व्हरवर ही सेवा टाकल्यावर लायसन्सची कुठलीही सोय न करता १२० दिवस ती चालते. जूनच्या मध्यात कक्ष सुरू केला असेल तर हे दिवस ऑक्टोबरच्या मध्यात भरतात, आणि लायसन्स सर्व्हर जोडायचाच राहिला असेल तर पूर्ण वर्ग बाहेर. अशा वेळी ‘लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. आमचा संदेश तो नव्हता. सर्व्हर होता, कार्ड नव्हतं. म्हणून सांगते, चौकट आली की मुलांना ‘ओके’ दाबू देऊ नका, मोबाइलवर फोटो काढा. त्या एका ओळीत अर्धं निदान असतं.

दुसरं साधन ‘आरडी लायसन्सिंग मॅनेजर’. त्यात कोणत्या मशीनला कार्ड दिलं, कधी दिलं आणि मुदत कधीपर्यंत, अशी यादी दिसते. आमच्याकडे एकूण २५, दिलेली २५, शिल्लक शून्य. आता २४ डब्यांना २५ कार्डं पुरायला हवीत ना? मग तीन डब्या उपाशी कशा?

मी यादी वहीत उतरवून घेतली. (अशी कामं मला हाताने लिहिल्याशिवाय समजत नाहीत.) लिहिताना लक्षात आलं, की काही नावं पुन्हा पुन्हा येताहेत. कक्षातल्या १५ डब्यांची नावं एकेकदाच होती. उरलेली १० कार्डं फक्त सहा डब्यांच्या नावावर होती, कोणाची दोन, कोणाची एक. आणि त्या तीन उपाशी डब्यांचं नाव कुठेच नव्हतं.

त्या सहा डब्या कोणत्या? पवईच्या एका ऑफिसने जुन्या झाल्या म्हणून शाळेला दिलेल्या. आणि गंमत म्हणजे त्या सहा अगदी व्यवस्थित चालत होत्या! बंद पडल्या होत्या त्या नव्या, काहीच दोष नसलेल्या.

उलगडा असा. ऑफिसातल्या थिन क्लायंटवर बहुधा ‘राइट फिल्टर’ चालू असतो. दिवसभरात डबीवर जे काही लिहिलं जाईल ते फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहतं आणि बंद करून चालू केली की डबी पहिल्यासारखी कोरी. व्हायरस टिकत नाही, कोणी सेटिंग बिघडवलं तरी टिकत नाही. मुलांच्या कक्षात ही सोय वरदानच. पण याच सोयीत लायसन्सचं कार्डही पुसलं जातं, आणि ओळखीचा क्रमांकसुद्धा. म्हणजे रोज सकाळी ती डबी नवा क्रमांक घेऊन सर्व्हरपुढे उभी राहते : मी नवीन आहे, मला कार्ड द्या. सकाळच्या अधिवेशनात तात्पुरतं मिळतं. दुपारच्या अधिवेशनात दुसरं मूल लॉगिन करतं, तेव्हा पक्कं. संध्याकाळी शिपाईमामा मेन स्विच बंद करतात आणि कार्ड विस्मरणात. सर्व्हरच्या वहीत मात्र ते दिलेलंच.

हिशेब मांडून पाहा. पहिल्या दिवशी नव्या १३ डब्या आणि जुन्या सहा, मिळून १९ कार्डं गेली. दुसऱ्या दिवशी १३ जणी आपापली कार्डं घेऊन आल्या, पण जुन्या सहांनी पुन्हा सहा घेतली. १९ आणि ६, झाली २५. दोन दिवसांत पेटी रिकामी. मागच्या रांगेचं वायरिंग उशिरा झालं, त्यामुळे तिथल्या पाच डब्या आठवडाभराने, जूनच्या चौथ्या आठवड्यात जोडल्या. त्यांना फक्त तात्पुरती मिळाली. पुढे विसरलेल्या कार्डांच्या मुदती एकेक करून संपू लागल्या, तशी ती पेटीत परत आली. पाचांपैकी दोघींना त्यातली मिळाली, बाकीची पुन्हा विसरभोळ्यांनीच नेली. उरलेल्या तिघींचे ९० दिवस भरले, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. जुन्यांचं मात्र कधीच अडत नव्हतं, कारण दररोज नव्या नावाने दररोज नवं तात्पुरतं कार्ड!

म्हणून मशीनं कोणत्या क्रमाने जातात ते पाहणं महत्त्वाचं. जी बंद पडली तिच्यात दोष शोधत बसलो असतो तर काही सापडलं नसतं.

सोपा रस्ता, आणि तो का घेतला नाही

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी तंत्रज्ञाने एक ‘ट्रिक’ही सांगितली होती. तीन डब्यांमधला तो एमएस-लायसन्सिंगचा कप्पा पुसून टाकायचा, की सर्व्हर त्यांना नवीन समजून आणखी ९० दिवस देतो. खोटं नाही, चालतं. पण मग डिसेंबरअखेर पुन्हा तेच, आणि तेव्हा नेमकी दहावीची पूर्वपरीक्षा जवळ. सर्व्हरवरचे १२० दिवस पुन्हा शून्यावर आणायचीही युक्ती व्हिडिओंमध्ये फिरते. तिच्यात तर सरळसरळ नियम मोडतो. ज्या वर्गात आपण ‘पायरेटेड सॉफ्टवेअर वापरू नये’ हा धडा शिकवतो, त्याच वर्गात सर्व्हर असा चालवायचा, हे मला पटत नाही. आमच्याकडे तर कार्डं पुरेशी विकत घेतलेली होती. चोरी करायची गरजच नव्हती.

कप्पा पुसणं हे मूळ दुरुस्तीतलंही एक पाऊल आहे, पण शेवटचं. आम्ही केलं ते या क्रमाने.

आधी जुन्या सहा डब्यांचं विस्मरण थांबवलं. त्यांच्यावर विंडोज १० ची आयओटी आवृत्ती होती, तिच्या राइट फिल्टरला यूडब्ल्यूएफ म्हणतात. पूर्ण फिल्टर काढून टाकायची गरज नसते. लायसन्सचा कप्पा तेवढा टिकवून ठेवण्यासाठी त्यात खास सोय दिली आहे, तिचं नाव ‘पर्सिस्ट टीएस-कॅल’. त्याआधीच्या एम्बेडेड विंडोजच्या फिल्टरमध्येही अशीच सोय होती. फिल्टर बंद करून डबी पुन्हा चालू केली, ही सोय लावली, सर्व्हरला जोडून पाहिलं, मग फिल्टर परत चालू. लिनक्सवर चालणाऱ्या डब्यांतही हेच दुखणं होऊ शकतं. तिथे ‘आर-डेस्कटॉप’सारखा प्रोग्राम कार्ड वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवतो, आणि ते फोल्डर दर वेळी कोरं होत असेल तर परिणाम तोच.

मग अडकलेली कार्डं सोडवली. मॅनेजरमध्ये मशीनगणिक कार्ड ‘रिव्होक’ करता येतं, म्हणजे मुदतीआधी परत घेता येतं, पण त्या आवृत्तीच्या एकूण कार्डांच्या २० टक्क्यांपर्यंतच. आमच्या २५ वर पाच. विसरलेली दहा, परत घेतली पाच. त्यातली तीन उपाशी डब्यांना, दोन जुन्यांपैकी दोघींना. उपाशी तिघींमधला कप्पा आता पुसला. त्याआधी त्याची प्रत काढून ठेवा, आणि पुसल्यानंतरची पहिली जोडणी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने करा, नाहीतर नवा कप्पा लिहिला जात नाही आणि वेगळीच चूक दिसते. दोनदा लॉगिन केलं, यादीत नाव आलं.

बाकी चार जुन्या डब्या सध्या तात्पुरत्या कार्डावर आहेत. त्यांची मुदत ९० दिवस, आणि विसरलेली उरलेली पाच कार्डं जास्तीत जास्त ८९ दिवसांत आपोआप परत येणार, म्हणजे त्यांच्या आधीच. कोटेशनमधल्या दहा लायसन्सांपैकी एकाचीही गरज पडली नाही.

एक सावधगिरीची सूचना. एका डबीची नक्कल काढून ती बाकीच्यांवर चढवणार असाल, तर नक्कल काढण्याआधी मूळ डबीतला हा कप्पा रिकामा करा. नाहीतर एकाच ओळखीच्या वीस डब्या तयार होतील. आणि स्टाफरूममधल्या लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून ‘सहज बघू’ म्हणून सर्व्हरला जोडू नका, कारण दुसऱ्या लॉगिनला तिथेही एक कार्ड जातं आणि दोन-तीन महिने अडकून राहतं.

सुट्ट्यांचंही ध्यानात घ्या. नूतनीकरणाची खिडकी सात दिवसांची आणि आपली मे महिन्याची सुट्टी त्याहून कितीतरी मोठी. ज्या डबीची खिडकी सुट्टीत उघडून सुट्टीतच बंद झाली, तिचं कार्ड पेटीत जातं. पेटीवर कोणी डल्ला मारत नसेल तर जूनमध्ये तिला दुसरं मिळतं, काही बिघडत नाही. पण पेटी रिकामी असेल तर जूनमधला हा प्रश्न कक्षाला सप्टेंबरमध्ये दिसतो, आणि तोपर्यंत कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून शाळा उघडल्यावर दोन आठवड्यांनी एकदा यादी पाहावी.

हाच धडा मुलांना

आठवीच्या वर्गात मी हे चिठ्ठ्यांनी खेळून दाखवलं. पुठ्ठ्याची पाच कार्डं केली. एक मुलगी लायसन्स सर्व्हर, तिच्याकडे वही. चार मुलं डब्या. चौघांना पाच कार्डं, म्हणजे एक जास्तच. प्रत्येक फेरी म्हणजे एक दिवस. त्यातल्या एकाला मी हळूच सांगितलं, की तू दर फेरीला कार्ड बेंचखाली टाकायचंस आणि नवीन नाव सांगायचंस. दुसऱ्या फेरीला पेटी रिकामी झाली. तिसऱ्या फेरीला मी चौघांपैकी एकाचं कार्ड ‘मुदत संपली’ म्हणून परत घेतलं आणि विसरभोळ्याला त्याच्या आधी उभं केलं. बिचाऱ्या प्रामाणिक मुलाला मिळालंच नाही. वर्गात गोंधळ! “बाई, याचा काय दोष?”

मग वहीवाल्या मुलीला विचारलं, तुझ्या वहीत पाच वेगळी नावं आहेत आणि समोर माणसं चारच, तुला संशय नाही आला? ती म्हणाली, “मला माणसं दिसत नाहीत ना बाई, नावंच दिसतात.” ओळख म्हणजे काय, यंत्र कशावरून ओळखतं, मोबाइल बदलला की बँकेचं ॲप पुन्हा का विचारतं, असं सगळं त्यानंतर पाऊण तास चाललं. लायसन्स हा शब्द बाजूलाच राहिला, पण चालेल.

सभेत एका पालकांनी विचारलं, “मग लिनक्स का नाही वापरत?” प्रश्न योग्यच आहे. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, १९९९ पासून आहे. त्यात कार्डांची ही भानगडच नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. आणि आपल्या कांजूरमार्ग स्टेशनवरून रिक्षाने जाता येईल एवढ्या जवळ, पवईच्या आयआयटीत, ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. त्यांचे लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत, तेही विनामूल्य. आमचं अडलंय ते मराठी टायपिंगच्या एका जुन्या सॉफ्टवेअरपाशी, ते फक्त विंडोजवर चालतं. पुढच्या वर्षी जुन्या सहा डब्यांवर एलटीएसपी करून पाहायचा विचार आहे. जमलं तर त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

तोपर्यंत कक्षाच्या दाराआड एक तक्ता लावला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नववीतली दोन मुलं माझ्यासमोर यादी उघडतात आणि तीन आकडे लिहितात : एकूण, दिलेली, शिल्लक. सगळी विसरलेली कार्डं परत आल्यावर तिथे २५, २४, १ असं दिसायला हवं. ते एक कार्ड नवीन डबी येईल तिच्यासाठी, तोपर्यंत कोणाच्या लॅपटॉपला मिळणार नाही, असं स्टाफरूममध्ये सांगून ठेवलं आहे.